शुअर एसएम७बी: चार बोटांच्या अंतरावरचा मायक्रोफोन

‘डायनॅमिक माइक घे, खोलीतला आवाज येणार नाही.’ स्ट्रीमिंग सुरू करणाऱ्या प्रत्येकाला हा सल्ला कुणी ना कुणी देतंच. त्यातलं पहिलं वाक्य बरोबर आहे, दुसरं अर्धवट. पंखा कुठला आणि गळा कुठला, हे माइकला कळत नाही. हवेचा जो दाब पडद्यावर येतो, त्याची तो वीज करतो, बस्स. कार्डिऑइड पॅटर्नचा, म्हणजे मुख्यतः समोरचं ऐकणारा, एक कंडेन्सर (विद्युतभारित पडद्याचा माइक) आणि एक डायनॅमिक (चुंबकात हलणाऱ्या कॉइलचा माइक) एकाच जागी शेजारी शेजारी ठेवा, दोघांवर तुमच्या आवाजाची लेव्हल सारखी करा आणि ऐका. खोली दोघांतही जवळपास तेवढीच येते.

मग डायनॅमिकमध्ये फरक का जाणवतो? कारण तो तोंडाजवळ ठेवला जातो. जवळ ठेवला तर त्याचा आवाज फाटत नाही, आणि लांब ठेवला तर गेन, म्हणजे माइकचा क्षीण सिग्नल वाढवायची ताकद, पुरत नाही, म्हणून माणूस मुकाट्याने जवळ सरकतो. अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने पडतो. खोलीचा गोंगाट मात्र सगळीकडे साधारण तेवढाच असतो. चार बोटांच्या अंतरावरून, म्हणजे सुमारे ७ सेंटिमीटरवरून, तुम्ही वीतभर अंतरावर गेलात की आवाज साडेनऊ डेसिबलने उतरतो. तो गेनने भरून काढला की पंखाही साडेनऊ डेसिबलने वर येतो. एसएम७बी हा असाच डायनॅमिक माइक. त्याच्याबद्दलच्या निम्म्या तक्रारी आणि निम्मं कौतुक या एका गोष्टीत आहे, म्हणून परीक्षणाची सुरुवात इथून.

शुअर कंपनीचा एसएम७ आला १९७३ साली. १९९९ मध्ये एसएम७ए आला आणि २००१ मध्ये एसएम७बी. कॅप्सूलचं, म्हणजे आवाज पकडणाऱ्या आतल्या भागाचं, घराणं शुअरच्याच एसएम५७ माइकचं. म्हणजे आज गेमिंगच्या टेबलांवर दिसणारा हा माइक मुळात रेडिओ आणि स्टुडिओसाठी घडवलेला आहे. त्याच्या स्वभावातल्या बऱ्याच खोडी तिथूनच येतात: निवेदक माइकला चिकटून बोलणार, आणि वायरच्या दुसऱ्या टोकाला दणकट प्रीॲम्प (माइकचा सिग्नल वाढवणारं यंत्र) असणार, हे त्यात गृहीत धरलेलं आहे.

हातात घेतल्यावर पहिली जाणीव वजनाची. भरतो जवळजवळ ७६५ ग्रॅम. हलका बूम आर्म, म्हणजे माइक धरणारा टेबलावरचा लांब हात, याला पेलत नाही. लावल्यावर पाच मिनिटं बरा दिसतो आणि मग कार्यक्रम चालू असतानाच हळूहळू मान टाकतो. आर्म घेताना तो किती वजन धरतो हे आधी पाहा. केबलचं वजनही त्यात मोजायचं असतं आणि वर थोडी शिल्लक लागते, तेव्हा १ किलोच्या खालच्या आर्मच्या नादी लागू नका. स्प्रिंगचा ताण कमी-जास्त करायचा स्क्रू असेल तर माइक लावूनच तो जुळवा, रिकाम्या आर्मवर नको. बैठकीच्या आट्या ५/८ इंचाच्या आहेत आणि ३/८ इंचासाठीचं ॲडॅप्टर खोक्यात मिळतं. बरेच आर्म ३/८चे असतात, त्यामुळे ते कडं हरवू देऊ नका. एक्सएलआर केबल, म्हणजे माइकची तीन पिनांची केबल, मात्र वेगळी घ्यावी लागते.

दोन फोम मिळतात. एक नेहमीचा, दुसरा जाडजूड, ए७डब्ल्यूएस नावाचा, अगदी ओठ टेकवून बोलणाऱ्यांसाठी. मोठा फोम ‘प’ आणि ‘भ’चे धक्के छान खातो, पण वरच्या पट्टीतली किंचित झळाळीही खातो. एसएम७बीकडे ती मुळात फार नाही, म्हणून आधी छोटा फोम लावून माइक थोडा तिरका करा. त्याने भागलं नाही तरच मोठा. फोम लावल्याशिवाय मात्र बोलू नका.

आता आकड्यांकडे, कारण हा माइक घेऊन पस्तावणारे बहुतेक इथेच अडकतात.

याची संवेदनशीलता उणे ५९ डीबीव्ही (व्होल्टेजचं डेसिबलमधलं माप) प्रति पास्कल. म्हणजे १ पास्कल दाबाला, अर्थात ९४ डेसिबलच्या आवाजाला, तो जेमतेम १.१२ मिलिव्होल्ट देतो. साधं बोलणं एक मीटरवर साधारण ६० डेसिबल असतं. चार बोटांवर ते ढोबळमानाने ८३च्या आसपास जातं. तिथे माइक देतो उणे ७० डीबीव्ही, म्हणजे डीबीयू या दुसऱ्या मापात सुमारे उणे ६८. आता एक इंटरफेस, म्हणजे माइक संगणकाला जोडणारी डबी, घेऊ: गेन ५६ डेसिबल, आणि गेन शून्यावर असताना माइक इनपुट कमाल ९ डीबीयू झेलतो. गेन पूर्ण फिरवला की ९ वजा ५६, म्हणजे उणे ४७ डीबीयूला त्याचं मीटर शून्याला टेकतं. तुमचा आवाज त्याच्या २१ डेसिबल खाली. सरासरी लेव्हल उणे १८ ते उणे २० हवी असते, म्हणजे नॉब शेवटाला नेऊनही आपण काठावरच. हेच वीतभर अंतरावर बसून केलं की लेव्हल उणे ३०च्या खाली जाते. रात्री घरचे झोपलेत म्हणून दबक्या आवाजात बोललात तर आणखी खाली. ‘एसएम७बीला ६० डेसिबल गेन लागतो’ हे जे सगळे म्हणतात, ते या हिशोबातून.

इथे एक खोच आहे आणि ती खोक्यावरच्या आकड्यांत सहज सापडत नाही. ‘६९ डेसिबल गेन’ लिहिलेला इंटरफेस ‘५६’वाल्यापेक्षा १३ डेसिबलने जोरकस असतोच असं नाही. त्याचं इनपुट कमाल १६ डीबीयू झेलत असेल तर १६ वजा ६९ म्हणजे उणे ५३. आधीच्या उणे ४७शी ताडून पाहा, खरा फायदा ६ डेसिबलचा. तोही कमी नाही, पण १३ नव्हे. दोन्ही आकडे पाहून वजाबाकी केल्याशिवाय इंटरफेस ठरवू नका. उत्तर उणे ५०च्या खाली जितकं जाईल तितकं बरं.

गेन पुरत नसेल तर क्लाउडलिफ्टर किंवा फेटहेडसारखा छोटा प्रीॲम्प मध्ये जोडतात. क्लाउडलिफ्टर २५ डेसिबलपर्यंत देतो, फेटहेड २७च्या आसपास. दोघांनाही इंटरफेसकडून ४८ व्होल्टची फँटम पॉवर (माइकच्या केबलमधूनच पाठवलेली वीज) लागते आणि ती ते स्वतःसाठी वापरतात, माइककडे जाऊ देत नाहीत. फँटम चालू करायला विसरलात तर माइक मेल्यासारखा वाटतो. हे इतक्यांदा घडतं की ‘नवा एसएम७बी बंद निघाला’ असं वाटलं की आधी ते बटण पाहावं. फँटम थेट एसएम७बीला गेली तरी, केबल धड असेल तर, काही बिघडत नाही. केबलमधली एखादी तार तुटलेली किंवा चिकटलेली असेल तरच कॉइलमधून नको तो प्रवाह जातो. म्हणून जुनी, संशयास्पद केबल आणि फँटम यांची गाठ घालू नये.

पण असा प्रीॲम्प सगळ्यांनाच लागतो का? मुळीच नाही. पुन्हा हिशोब करू. बऱ्या इंटरफेसचा स्वतःचा खरखराट, स्पेसिफिकेशनमध्ये ‘ईआयएन’ म्हणून दिलेला, उणे १२८ डीबीयूच्या आसपास असतो. तुमचा आवाज उणे ६८वर. मधलं अंतर ६० डेसिबल. शांत म्हणावी अशी खोलीसुद्धा ३५ डेसिबलची असते. तुमचा आवाज ८३, म्हणजे खोली आणि आवाज यांतलं अंतर ४८. खोलीचा आवाज प्रीॲम्पच्या खरखरीपेक्षा १२ डेसिबलने वरच आहे. अशा वेळी मध्ये आणखी एक डबी जोडून खरखर कमी होणार नाही, कारण जे ऐकू येतंय तो तुमचा पंखा आहे. ईआयएन उणे ११५ असलेल्या स्वस्त मिक्सरवर मात्र हेच अंतर ४७वर येतं आणि ‘सूंऽऽ’ असा आवाज स्पष्ट कानाला लागतो. तिथे क्लाउडलिफ्टरचा पैसा वसूल.

कुठला आवाज कुणाचा हे ओळखायला एक सोपी परीक्षा आहे. गेन नेहमीच्या जागी ठेवून दहा सेकंद शांतता रेकॉर्ड करा. मग माइक दोन-तीन जाड चादरींत गुंडाळून त्याच गेनवर आणखी दहा सेकंद. दुसऱ्या तुकड्यात आवाज बराच खाली गेला तर दोष खोलीचा. जवळपास तसाच राहिला तर दोष इलेक्ट्रॉनिक्सचा. पहिल्यासाठी पडदे, गालिचा आणि अंतर, दुसऱ्यासाठी प्रीॲम्प.

आवाजाचं म्हणाल तर एसएम७बी सपाट, काहीसा गडद, खालून भरदार. वरच्या टोकाला सौम्य. कर्कश आवाज निवतो, पातळ आवाजाला अंग येतं. मुळातच घोगरा किंवा खर्जातला आवाज असेल तर मात्र तो बसका वाटू शकतो. याचं कारण प्रॉक्सिमिटी इफेक्ट: कार्डिऑइड माइकच्या जितकं जवळ जावं तितका खर्ज फुगतो. चार बोटांवर बोलायचं म्हटलं की तो फुगणारच.

त्यासाठी माइकच्या पाठीवर दोन चिमुकले स्विच आहेत. एकाने खर्ज उतरतो, दुसऱ्याने मधल्या पट्टीला, जिथे शब्दांची स्पष्टता असते तिथे, थोडा उठाव येतो. ते खोलगट खाचेत आहेत. पेनाच्या टोकाने किंवा छोट्या स्क्रूड्रायव्हरने सरकवावे लागतात, आणि कुठली रचना चालू आहे ते तिथल्या इवल्याशा आलेखावरून दिसतं. आमचं मत असं, की बहुतेक बोलणाऱ्यांनी दोन्ही चालू ठेवून ऐकावं आणि मग एकेक बंद करून पाहावं. सगळे उलट करतात: दोन्ही बंद ठेवून संगणकावर इक्वलायझरशी (खालच्या-वरच्या पट्ट्या कमी-जास्त करणाऱ्या फिल्टरशी) तासन्‌तास झटतात. मनासारखं जमलं की सोबत मिळणारी झाकणपट्टी लावून टाका, म्हणजे पुसता पुसता स्विच सरकणार नाही.

मराठी बोलणाऱ्यांनी माइक मराठीतच तपासावा. इंग्रजी चाचणीवाक्यांत ‘भ’सारखे आपले महाप्राण येतच नाहीत. ‘फाटक फुटलं, भिंत भिजली, पाऊस पडतोय’ हे तीनदा म्हणा: एकदा सरळ माइकसमोर, एकदा माइक ओठांच्या कोपऱ्याकडे ३० अंश तिरका ठेवून, एकदा मोठा फोम लावून. ‘फ’ आणि ‘भ’ला हवेचा झोत समोर जातो, कोपऱ्याकडे फारसा नाही, त्यामुळे दुसरी तऱ्हा बहुधा जिंकते. मग ‘चमचा, जहाज, सशाचं शेपूट’. दंत्य ‘च’ आणि ‘ज’ची धार कंडेन्सरवर बऱ्याचदा टोचते. एसएम७बी ती अंगावर येऊ देत नाही, आणि तासन्‌तास ऐकल्या जाणाऱ्या कार्यक्रमासाठी त्याचा हा सगळ्यात मोठा गुण आम्हाला वाटतो. पण मधला उठाव आणि वर इक्वलायझरचा ८ किलोहर्ट्‌झचा पट्टा असं दोन्ही चढवलंत तर ‘श’ पुन्हा शिट्टी मारायला लागेल.

जागा ठरवताना कार्डिऑइडचं गणित ध्यानात ठेवा. तो बाजूने, म्हणजे ९० अंशांवर, जेमतेम ६ डेसिबल कापतो. १२० अंशांवर १२, आणि सगळ्यात बहिरा असतो तो नेमका पाठीमागे. खडखडणारा कीबोर्ड माइकच्या बाजूला आला तर फारसा फायदा नाही. माइक थोडा वरून, शेपूट कीबोर्डकडे रोखून आणि तोंड तुमच्याकडे करून टांगला तर टकटक खूप उतरते. हीच युक्ती संगणकाच्या पंख्याला: माइकची पाठ त्याच्याकडे करा. टेबलाचे दणके ही वेगळी बाब. आत हवेवर तरंगणारी शॉक-रचना आहे आणि ती काम चांगलं करते, पण टेबलाला शिकंजाने आवळलेला आर्म ठक्‌ असा खालचा धक्का पोचवतोच. ८० हर्ट्‌झचा हायपास फिल्टर (त्याखालचा आवाज कापणारा) लावा. बोलण्यातलं त्याने काही जात नाही.

ओबीएस या स्ट्रीमिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडताना पहिली फसगत ठरलेली: आवाज फक्त डाव्या कानात येतो. माइक इंटरफेसच्या एक नंबरच्या इनपुटात आहे आणि ओबीएस त्याला स्टिरिओचा डावा भाग समजतं. ‘ॲडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीज’मध्ये ‘मोनो’ची खूण करा, झालं. सॅम्पल रेट इंटरफेसवर आणि ओबीएसमध्ये दोन्हीकडे ४८ किलोहर्ट्‌झ. बोलताना मीटर पिवळ्या पट्ट्यात, म्हणजे उणे २० ते उणे ९ मध्ये खेळायला हवं. लाल भाग हसण्या-ओरडण्यापुरता.

फिल्टरांचा क्रम महत्त्वाचा: आधी नॉइज सप्रेशन (गोंगाट दाबणारा), मग हवा असेल तर गेट (ठरलेल्या पातळीखाली आवाज बंद करणारा), मग इक्वलायझर, कॉम्प्रेसर (मोठे आवाज दाबणारा), शेवटी लिमिटर (ठरलेल्या पातळीवर जाऊ न देणारा). गेटची ओबीएसमधली मूळ मूल्यं, उघडायला उणे २६ आणि बंद व्हायला उणे ३२, एसएम७बीच्या मवाळ लेव्हलला फार वरची आहेत. वाक्यातलं शेवटचं ‘आहे’ गिळलं जातं. आपल्या क्रियापदांची शेपटं हळू आवाजात येतात, त्यामुळे मराठीत हे जास्तच खटकतं. दोन्ही दहा-बारा डेसिबलने खाली आणा, नाहीतर गेट सरळ काढून टाका. जवळून बोलत असाल तर त्याची फारशी गरज उरत नाही. कॉम्प्रेसरचं मूळ प्रमाण १०:१ आहे. बोलण्याला ते जुलमी ठरतं. ३:१ किंवा ४:१ ठेवा, थ्रेशोल्ड, म्हणजे दाबणं सुरू होण्याची पातळी, अशी, की नेहमीच्या बोलण्यावर ४ ते ६ डेसिबलच दबतील. लिमिटर उणे १ ते उणे ३ वर. रेकॉर्डिंग पॉडकास्टसाठी असेल तर शेवटची पातळी उणे १६ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या सरासरी मोठेपणाच्या मापाच्या) आसपास आणा.

स्ट्रीम चालू असताना बारीक ‘टीं’ किंवा ‘किर्र’ येत असेल आणि गेमची चित्रं हलली की तो आवाज बदलत असेल, तर माइकला दोष देऊ नका. तो गोंधळ यूएसबीच्या विजेतून इंटरफेसमध्ये शिरतो आणि गेन शेवटाला असल्याने वर येतो. दुसरा पोर्ट, स्वतःचा वीजपुरवठा असलेला हब, किंवा लॅपटॉपचा चार्जर काढून पाहणं, या क्रमाने जा. ट्रान्स्फॉर्मरच्या गुणगुणीविरुद्ध माइकच्या आत वेगळी कॉइल आहे आणि तिचा उपयोग होतो. तरी मोठा पॉवर अडॅप्टर माइकला खेटून ठेवायचं काही कारण नाही.

देखभाल म्हणाल तर फोमची. चार बोटांवरून रोज दोन तास बोललं की तुषार त्यात मुरतात, वास येतो, आवाजही मंद होतो. काढून कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवा, पिळू नका, दाबून पाणी काढा आणि पूर्ण वाळल्याशिवाय लावू नका. फाटला तर आरके३४५ नावाने सुटा मिळतो.

आता शेजारपाजारचे. एसएम७डीबी, २०२३चा, म्हणजे हाच माइक पोटात प्रीॲम्प घेऊन. १८ किंवा २८ डेसिबल वाढवतो, फँटम लागते, आणि नको असेल तर प्रीॲम्प वगळून चालतो. नव्याने सगळंच घेणाऱ्याने साधा एसएम७बी अधिक क्लाउडलिफ्टर असा द्राविडी प्राणायाम करू नये, एसएम७डीबीच घ्यावा. इलेक्ट्रो-व्हॉइसचा आरई२०, १९६८पासूनचा, प्रति पास्कल १.५ मिलिव्होल्ट देतो, म्हणजे अडीच डेसिबलने चढा. त्याची व्हेरिएबल-डी रचना खर्ज फुगू देत नाही. बोलता बोलता मागे-पुढे हलणाऱ्या माणसाला आरई२० जास्त मानवेल. वर तो एसएम७बीपेक्षा उघडा, लख्ख वाजतो. इंटरफेसच नको असेल तर एमव्ही७ प्लसमध्ये यूएसबी-सी आणि एक्सएलआर दोन्ही आहेत. ज्याला फक्त लॅपटॉपला माइक जोडून बोलायला बसायचंय, त्याने एसएम७बीच्या वाटेला जाण्यात अर्थ नाही.

आणि मग एसएम५८ आहे, १९६६पासूनचा, जवळपास प्रत्येक मंचावर दिसणारा. तो एसएम७बीपेक्षा साडेचार डेसिबल जास्त देतो, म्हणजे वरच्या हिशोबातल्या ५६ डेसिबलच्या इंटरफेसवर आरामात चालतो. वरून फोम चढवला, ३० अंश तिरका धरला, तर बोलण्यातला फरक डोळे मिटून ओळखायला श्रोत्याला कष्ट पडतील. फरक आहे: ५८चा मध्य जरा पुढे येतो, खालचं अंग कमी, हाताळणीचा आवाज जास्त. पण दोघांच्या किमतींमध्ये जितकं अंतर आहे तितकं कानांना जाणवत नाही.

म्हणून घेण्याआधी एक करा. कुणाचा तरी एसएम५८ दोन दिवस मागून आणा, आर्मवर लावा, ओठांपासून चार बोटांवर आणा आणि नेहमीसारखा पूर्ण तासभर कार्यक्रम करा. नंतर रेकॉर्डिंग पुढे-मागे करून पाचवं, पंचविसावं आणि पन्नासावं मिनिट ऐका. तिन्ही ठिकाणी आवाज सारखा भरदार असेल तर एसएम७बी तुम्हाला शोभेल. पन्नासाव्या मिनिटाला तुम्ही खुर्चीत रेलून हातभर मागे गेलेले असाल, आवाज पातळ आणि खोली मोठी झाली असेल, तर एसएम७बी आणूनही पन्नासाव्या मिनिटाला हेच होईल, आणि गेन त्याहून कमी पडेल.